सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा

प्रश्न : मी कराडला माध्यमिक शाळेत शिकवते. घरात आम्ही पाच जण आहोत : आम्ही दोघे, अकरावीतली मुलगी, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांचे वय ७६, दोन्ही गुडघे धरलेले. पुण्यातल्या एका डीलरकडे २०१८ ची होंडा सिटी बघून ठेवली आहे. पेट्रोल, मॅन्युअल, फर्स्ट ओनर, एमएच-१२ पासिंग, मीटरवर ५२ हजार. सव्वासात लाख सांगतो. दीर म्हणतात, थोडे पैसे घालून नवी छोटी एसयूव्ही घ्या, जुन्यात कशाला हात घालता. काय करावे?

उत्तर : ताई, गाडीबद्दल तुम्ही बरेच लिहिलेत आणि सासऱ्यांबद्दल एकच ओळ. मी त्या ओळीपासून सुरुवात करतो.

सेडानची सीट खाली असते. तिच्यात बसायचे म्हणजे आधी वाकायचे, मग अंग खाली सोडायचे. बाहेर येताना तेच उलटे, आणि तेव्हा सगळा भार गुडघ्यांवर. मागच्या दारापाशी छत उतरते होत जाते, म्हणून मानही वाकवावी लागते. माझ्या आईला आमच्या सेडानमध्ये बसायला जमायचे. उतरताना मात्र एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा पुढच्या सीटच्या पाठीवर, आणि तरीही दोनदा प्रयत्न करावा लागे. वर्षभरात ती "तुम्ही जाऊन या, मी घरी थांबते" म्हणू लागली. तिला यायचे नाही असेच आम्ही समजत होतो. कारण त्या दारात होते, हे मला फार उशिरा कळले.

तेव्हा पुण्याला जायच्या आधी कराडमध्येच कुणाची तरी सिटी बघा आणि सासऱ्यांना तीनदा बसवून उतरवा. डांबरी सपाट रस्त्यावर नको, तुमच्या दारासमोर जिथे गाडी रोज लागणार तिथेच. पहिल्या दोन वेळा माणूस भिडेखातर निभावून नेतो, तिसरी वेळ खरी. ते "जमेल" म्हणाले तर चेहऱ्याकडे बघा. नाहीच जमले तर तुमच्या दिरांचे बरोबर आहे. मग उंच सीटची गाडी घ्या आणि ही सिटी विसरा.

जमले, तर मात्र पाच माणसांच्या घराला सेडान फार चांगली. या सिटीची डिकी ५१० लिटरची आहे, चार मीटरच्या आतल्या गाडीत एवढी जागा निघत नाही. घाटात गाडी कमी झुलते, म्हणून मागे बसणाऱ्यांना कमी मळमळते. गाड्या आपटवून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने या पिढीच्या सिटीला ५ पैकी ४ स्टार दिले आहेत. कमी आहे ती दोन ठिकाणी. मागे मधल्या माणसाला फक्त कमरेचा पट्टा मिळतो. मुलगी तिथेच बसणार, म्हणून सांगतो. आणि जमिनीपासूनची उंची १६५ मिमी. पाच माणसे आणि सामान भरले की गावातल्या स्पीडब्रेकरवर पोट घासू शकते. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. ऑइल चेंबर आणि सायलेन्सरच्या नळीवर खोल ओरखडे असतील, तर आधीच्या मालकाने गाडी कशी चालवली ते तिथे लिहिलेले असते.

आता ती गाडी. "सिटी चांगली का?" हा प्रश्न जुन्या गाडीच्या बाबतीत फारसा कामाचा नाही. त्या डीलरच्या अंगणात उभी असलेली ती एक गाडी कशी आहे, एवढेच बघायचे.

मी २८ वर्षे सांगली, कोल्हापूर, सातारा भागात विमा कंपन्यांसाठी गाड्यांचा सर्व्हे केला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेने आयर्विन पुलापाशी ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी आहे ४५. पाणी ओसरल्यावर कित्येक दिवस मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच गोष्ट लिहीत होतो : पाणी कुठवर? कार्पेट, सीट, की डॅशबोर्ड. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की ती टोटल लॉस. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी सॅल्व्हेज म्हणून लिलावात जाते. त्या सगळ्याच भंगारात जात नाहीत. काही धुऊन, वाळवून, नवे कार्पेट घालून परत रस्त्यावर येतात.

दीडेक वर्षाने मेहुण्यासाठी मी एक पांढरी सेडान बघायला गेलो. आत अत्तराचा वास, सीटवर नवे कव्हर, इंजिन स्वच्छ. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढला आणि ओढतच राहिलो, शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ होती. बोट फिरवले तर बारीक कोरडा गाळ हाताला लागला. पट्ट्याची रीळ दाराशेजारच्या खांबात खाली असते. धुणारा दिसतो तेवढा पट्टा धुतो, रिळातला गाळ तिथेच राहतो. तो रंग मी महिनाभर रोज पाहिला होता. मी काही न बोलता पट्टा सोडला आणि आम्ही निघालो.

पुराची गाडी लगेच त्रास देत नाही, म्हणून जास्त फसवते. कार्पेटखालच्या वायरिंगच्या जोडांत तांब्यावर हिरवट थर चढायला वेळ लागतो. बहुतेक गाड्यांत एअरबॅगचे कंट्रोल युनिट पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, जमिनीलगत असते. पाणी कार्पेटच्या वर आले की ते भिजते, आणि ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी ते बंद असू शकते.

एमएच-१२ पासिंग आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा सोसायट्यांमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या. चारही पट्टे शेवटपर्यंत ओढा. सीट मागे सरकवून रुळांच्या बोल्टवर गंज आहे का बघा. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात हात फिरवा, गाळ लागतो का ते कळेल.

दुसरी गोष्ट कागदावर दिसते आणि ती फार कमी लोक बघतात. डीलरकडे चालू विमा पॉलिसी मागा आणि त्यातला नो क्लेम बोनस वाचा. क्लेम न घेतलेल्या वर्षांनुसार तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो. फर्स्ट ओनर आणि सात वर्षांची गाडी असेल तर तिथे ५० दिसायला हवे. २० दिसले तर दोन वर्षांपूर्वी क्लेम झाला असणार. शून्य असेल तर गेल्या वर्षी, किंवा मध्ये पॉलिसी खंडित झाली होती. क्लेम झाला म्हणजे गाडी वाईट असे नाही, बंपर फुटला तरी लोक क्लेम करतात. पण मग कशाचा क्लेम, किती रुपयांचा, ते बिल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक अपवाद सांगतो. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. त्याने तो आपल्या नव्या गाडीवर नेला असेल तर इथे शून्य दिसेल आणि तसे सर्टिफिकेट त्याच्याकडे असेल. विचारायला संकोच करू नका.

मीटरचे गणित टायर सांगतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात : २३१८ म्हणजे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. पहिला सेट साधारण ४०-५० हजारांपर्यंत जातो. ५२ हजारांवर दुसरा सेट असणे ठीक. पण तिसऱ्या सेटची गोष्ट निघाली, किंवा क्लच-ब्रेकच्या पॅडलचे रबर गुळगुळीत झालेले असले, तर मीटर मागे फिरवला आहे असे समजा. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक बिलावर त्या दिवसाचे किलोमीटर असतात. ती बिले ओळीने लावून बघा.

ठोकलेली गाडी ओळखायला दारांचे रबर बीडिंग थोडे सोलून खालच्या पत्र्यावर बोट फिरवा. कारखान्यात केलेल्या स्पॉट वेल्डिंगचे छोटे गोल खळगे ठरावीक अंतराने लागतात. जिथे ते गायब आहेत आणि पत्रा सलग गुळगुळीत आहे, तिथे लांबी (पुट्टी) भरून रंग दिलेला आहे. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टचा रंग फुटलेला असेल तर कुणीतरी पाना लावलेला आहे. आणि डीलरला आधी फोन करून सांगा की गाडी स्टार्ट करून ठेवू नका. गेल्यावर बोनेटवर हात ठेवा, थंड हवे. गार इंजिन सुरू होताना निळा धूर आला तर ऑइल जळते आहे. तिथेच विषय संपवा.

कागदांत आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरला आहे का, ई-चलन थकले आहे का, हे एमपरिवहन अॅपवर बघा. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीही नावावर करून घ्या. थर्ड पार्टीचा भाग आपोआप तुमच्याकडे येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही. गाडी नावावर झाली, पॉलिसी आधीच्या मालकाच्याच नावावर राहिली आणि तेवढ्यात अपघात झाला, अशी माणसे माझ्यासमोर बसलेली आहेत. कंपनीचा नकार त्यांना सांगण्याचे काम माझ्याकडे यायचे.

नव्या पेट्रोलबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. त्यात आता २० टक्के इथेनॉल असते. होंडा म्हणते की २००९ पासूनच्या तिच्या गाड्यांचे भाग त्याला चालतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा अॅव्हरेज थोडे कमी मिळेल. पेट्रोलच्या रबरी नळ्या मेकॅनिकला दाखवून घ्या. तेवढ्यासाठी गाडी सोडायचे कारण नाही.

भावाचे म्हणाल तर सव्वासात सांगितले म्हणून सव्वासात देऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २९ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी एवढी उतरल्यावर जुनीने जुन्याच भावावर बसून चालत नाही. हे डीलरलाही माहीत आहे.

प्रश्न : दिल्ली पासिंगची २०१७ ची डिझेल सेडान आमच्या साताऱ्यात विकायला आली आहे. इथल्यापेक्षा दीड लाखाने स्वस्त. माझे रनिंग महिन्याला अडीच हजार किलोमीटर. घ्यावी का?

उत्तर : स्वस्त का आहे ते आधी समजून घ्या. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांविरुद्ध २०१५ मध्ये हरित लवादाचा आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. म्हणून तिथले मालक मुदत जवळ आली की गाडी काढून टाकू लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मालकांवर कारवाई करू नका असे सांगितले, पण भीती पुरती गेलेली नाही. गाडीत खोट असेलच असे नाही. पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), इथे वयानुसार रोड टॅक्स, नवे पासिंग, एजंटचे पैसे आणि फेऱ्या या सगळ्यांची बेरीज दीड लाखातून वजा करा. एनओसी हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. तुमचे रनिंग डिझेलला साजेसे आहे, तेव्हा मी तुमच्या जागी असतो तर साताऱ्याची एमएच-११ किंवा कोल्हापूरची एमएच-०९ डिझेल शोधली असती. तिला पहिल्या दिवसापासून सर्व्हिस देणारा माणूस तुम्हाला गाठता येतो.

प्रश्न : नाशिकला राहतो. नवी ऑटोमॅटिक सेडान घ्यायची आहे. स्लाव्हिया, व्हर्टस, व्हर्ना आणि सिटी यांत गोंधळ होतो. पत्नी आणि मी दोघेही चालवतो. रोज शहरात, महिन्यातून दोनदा मुंबई. शोरूमवाले सगळे "ऑटोमॅटिक" म्हणतात, मग फरक काय?

उत्तर : त्या एका शब्दात तीन-चार वेगळी यंत्रे आहेत. तुमचा गोंधळ साहजिक आहे.

स्लाव्हिया आणि व्हर्टसच्या १.० लिटर टर्बोला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर मिळतो, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरकडे जाते. १.५ लिटरला सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच आलटून-पालटून गिअर बदलतात. व्हर्नाच्या साध्या १.५ ला सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली पट्टा-पुलीची रचना, आणि टर्बोला ड्युअल क्लच. सिटी पेट्रोलला सीव्हीटी, आणि तिच्या हायब्रिडची रचना सगळ्यांहून वेगळी : शहरात बहुतेक वेळ चाके इलेक्ट्रिक मोटर फिरवते.

तुमच्या वापरात फरक कळेल तो कसाऱ्याच्या चढावर गाड्यांची रांग लागल्यावर. ड्युअल क्लच मोकळ्या रस्त्यावर इतका झटपट आहे की मन भुलते. पण ज्याचे क्लच कोरडे आहेत, म्हणजे तेलात बुडालेले नाहीत, तो चढावर इंच-इंच सरकताना क्लच घासत राहतो आणि तापतो. टॉर्क कन्व्हर्टरला अशा रांगेचे काही वाटत नाही. सीव्हीटी सर्वांत मऊ, पण ओव्हरटेकला दाबली की इंजिनचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. काहींना ते अजिबात खपत नाही. सुरक्षेत व्हर्ना, स्लाव्हिया आणि व्हर्टस तिघींनाही २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपचे ५ स्टार मिळाले. तुमचा रोजचा रस्ता शहरातला असल्याने मी टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीच सुचवेन. हायब्रिडची जास्तीची किंमत तुमच्या रनिंगला पेट्रोलमधून कधी वसूल होते, ते वही-पेन घेऊन मांडा.

टेस्ट ड्राइव्हला सेल्समन ठरलेल्या रुंद रस्त्यावर नेतो. त्याला सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगच्या रॅम्पवर आणायला सांगा. अर्ध्या रॅम्पवर थांबा, ब्रेक सोडा आणि अॅक्सिलरेटर न देता बघा : गाडी मागे जाते, जागेवर थांबते की हळूच पुढे येते. मग तोच रॅम्प रिव्हर्समध्ये चढवा. आधी तुम्ही, मग पत्नी, मागे दोन माणसे बसवून. यातल्या आवडलेल्या तीन गाड्या एकाच दिवशी याच रॅम्पवर आणा. दर रविवारी एक असे केले तर तिसऱ्या गाडीपर्यंत पहिली पायाला कशी वाटली होती हे लक्षात राहत नाही.