तुर्की शिकायचीय? मग इंग्रजी जरा बाजूला ठेव

तू विचारलंयस की नवऱ्याला इझमिरला नोकरी लागलीय, मार्चात निघायचंय, तर इंग्रजीवर भागेल का, तुर्की यायला किती वेळ लागतो आणि शाकाहारी माणसाचं तिथं कसं होतं. ताई म्हटलंस म्हणून सरळ अगंतुगं करते. मी मूळची सांगलीची, इझमिरच्याच बोर्नोवा भागात राहून सहा वर्षं झाली.

इंग्रजीवर नाही भागणार. अल्सानजाक या गजबजलेल्या भागातल्या कॅफेत, नवऱ्याच्या ऑफिसात चालेल, पण भाजीवाला, बिल्डिंगचा कापजी (म्हणजे वॉचमन, झाडूवाला, निरोप्या सगळं एकच), गॅसवाला, शेजारची म्हातारी, इथे इंग्रजी संपते. आणि तू घरी असणार, म्हणजे तुझा संबंध याच लोकांशी जास्त.

आता माझी चूक सांगते. मी आल्या आल्या क्लास लावला, तिथे सगळं इंग्रजीतून शिकवायचे, आणि मी तीन महिने रडकुंडीला आले होते कारण इंग्रजीतून बघितलं की तुर्की उलटी दिसते, क्रियापद शेवटी, सगळे प्रत्यय शब्दाच्या शेपटीला. मग एक दिवस वहीत उदाहरण उतरवताना शेजारी मराठी लिहिलं आणि अक्षरशः शब्दाखाली शब्द बसला. "यामुर याआजाक दिये शेम्सिये आल्दम." पाऊस येईल म्हणून छत्री घेतली. ते 'दिये' म्हणजे आपलं 'म्हणून', आणि गंमत म्हणजे तेही 'म्हणणे' या क्रियापदावरूनच आलंय! इंग्रजीत हे समजवायला बाईंना अर्धा फळा लागला होता. तसंच 'गिदिप गेल्दिम', जाऊन आले. 'गेलेन आदाम', येणारा माणूस. 'बाशम आअरयोर', माझं डोकं दुखतंय. 'माझ्याकडे आहे'साठी वेगळं क्रियापद नाही, आपल्यासारखं 'वार' आणि 'योक', आहे आणि नाही, की झालं.

सगळ्यात भारी ते 'मिश'. स्वतः न बघितलेलं, कुणाकडून कळलेलं सांगायचं असेल तर क्रियापदाला मिश लागतो. 'गेल्मिश', आली म्हणे. वर्गातल्या जर्मन पोरीला हे दोन आठवडे पचलं नाही आणि मी मनात म्हटलं, अगं हे तर आपलं 'म्हणे', आमची आजी याच्याशिवाय एक वाक्य बोलायची नाही. आणि चहाबिहा, पुस्तकबिस्तक? ते 'चाय माय', 'किताप मिताप' म्हणतात, ब-च्या जागी म, बास.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषा शिकवणारी संस्था आहे ती तुर्कीला ४४ आठवडे, म्हणजे सुमारे ११०० तास धरते, नेटवर ते वाचून घाबरू नकोस. तो हिशोब इंग्रजीवाल्यांसाठी आहे, त्याच यादीत हिंदीसुद्धा त्याच खणात बसवलीय. मला बाजारहाट सहा महिन्यांत जमायला लागला, डॉक्टरकडे एकटी जायला दीड वर्ष लागलं.

मराठी जिथे उपयोगी पडत नाही ते म्हणजे स्वर. १९२८ पासून लिपी रोमन आहे, २९ अक्षरं, लिहिलंय तसं वाचायचं, त्यामुळे वाचन आठवड्यात जमतं. पण आय दोन आहेत, एक टिंबवाला आणि एक बिनटिंबाचा. टिंबवाला 'इ', आणि बिनटिंबाचा म्हणजे ओठ ताणून 'उ' म्हणायचा प्रयत्न कर, जे काही अर्धवट निघेल ते. मला कंटाळा आला, हे 'सकल्दम' असतं. मी हळदीकुंकवाच्या चेहऱ्यानं भरल्या घरात 'सिकिल्दिम' म्हणाले, त्याचा अर्थ इथे लिहिणं शक्य नाही, एवढंच सांगते की एका काकांनी चहा सांडला. शिवाय प्रत्ययाचा स्वर शब्दाप्रमाणे बदलतो, 'एव'चं अनेकवचन 'एवलेर' पण 'किताप'चं 'कितापलार'. हे नियम पाठ करू नकोस, कानाला सवय लागली की चुकलेलं आपोआप खटकतं.

ओळखीचे शब्द भरपूर भेटतील, साबण, दुकान, मैदान, अंजीर, थोड्याफार फरकानं सगळे इथे आहेत, आणि तेच फसवतात. हॉटेलात बिल हवं तर 'हेसाप'. 'मिसाफिर' म्हणजे पाहुणा. 'फिकिर' म्हणजे कल्पना, काळजी नाही. 'तामाम' म्हणजे ठीक आहे. मी पलंगावर घालायला चादर मागितली तर दुकानदारानं कॅम्पिंगच्या दुकानाचा पत्ता दिला, कारण 'चादर' म्हणजे तंबू, आपल्या चादरीला 'चार्शाफ' म्हणतात.

नाती तर आपल्याइतकीच काटेकोर. तेझे म्हणजे मावशी, हाला आत्या, आम्जा काका, दाय मामा. अनोळखी म्हातारीला तेझे, जरा मोठी बाई असेल तर आब्ला म्हणजे ताई, पुरुषाला आबी, आणि ऑफिसात नावापुढे हानम किंवा बेय. तू आणि तुम्हीचा फरकही आहे, सेन आणि सिझ, समोरची बाई स्वतः सेनवर येईपर्यंत तू सिझवर रहा.

आणि ठरलेली वाक्यं पाठच कर, व्याकरण गेलं उडत. कुणीही काम करताना दिसलं, झाडणारा, कॅशियर, कुणीही, 'कोलाय गेल्सिन', काम सोपं जावो. जेवून उठताना बनवणारीला 'एलिनिझे साअलक', हातांना आरोग्य लाभो. आजारी माणसाला 'गेच्मिश ओल्सुन'. ही तीन नीट म्हटलीस तर बाकीची मोडकीतोडकी तुर्की माफ असते. मान मात्र सांभाळ. आपण जी डावीउजवीकडे डुलवतो ना, ती यांना कळत नाही, आणि यांचं 'नाही' म्हणजे भुवया वर करून 'च्क', मला सुरुवातीला वाटायचं दुकानदार माझी कीव करतोय.

घरात जाताना चपला बाहेर, आत पाहुण्यांच्या वेगळ्या सपाता असतात, अनवाणी फिरलीस तर मावशा ओरडतात. चहा बिनदुधाचा, छोट्या ग्लासात, संपला की परत भरतातच, नको असेल तर चमचा ग्लासावर आडवा ठेव. १० नोव्हेंबरला सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी भोंगा वाजतो, १९३८ साली त्या वेळी आतातुर्क, म्हणजे तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक, गेले. सगळा रस्ता थांबतो, लोक गाड्यांतून उतरून उभे राहतात. पहिल्या वर्षी मला माहीत नव्हतं, मी एकटीच पिशव्या घेऊन चालत होते, अजून आठवलं की लाज वाटते.

क्लासचं म्हणशील तर अंकारा विद्यापीठाचं तोमेर हे भाषा केंद्र १९८४ पासून परदेशी लोकांना शिकवतंय, युनुस एमरे इन्स्टिट्यूटचं ऑनलाइन पोर्टल फुकट आहे, ते आत्ताच पुण्यातून सुरू कर, आणि इथे आल्यावर हाल्क एइतिम मेर्केझी, म्हणजे सरकारी लोकशिक्षण केंद्र गाठ. पण खरी भाषा मला मिळाली ती 'आल्तन गुनू'मध्ये. आल्तन म्हणजे सोनं, गुन म्हणजे दिवस, आणि सगळं मिळून शुद्ध भिशी गं! दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, प्रत्येकीनं सोन्याचं छोटं नाणं नाहीतर पैसे द्यायचे, जिची पाळी तिला सगळे. खाणं, गॉसिप आणि मिशच मिश. शेजारणीनं बोलावलं तर नाही म्हणू नकोस.

खाण्याचं. नुसतं 'एत येमियोरुम' म्हणजे मांस खात नाही म्हटलंस तर चिकन आणून ठेवतील, कारण 'एत' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे गायबकरी येते. 'एत, तावुक, बालक येमियोरुम' असं पूर्ण म्हण, आणि मसुरीचं सूप घेताना आत 'एत सुयू' आहे का विचार, ते मांसाचं पाणी असतं. बाकी इझमिरचा हा एजियन समुद्राकाठचा भाग म्हणजे शाकाहाऱ्यांची चैन, ऑलिव्ह तेलातल्या थंड भाज्या, रानभाज्या, गोझलेमे (सारण भरलेली पातळ पोळी). इझमिरात सिमितला, म्हणजे तीळ लावलेल्या कड्यासारख्या पावाला, गेव्रेक म्हणतात, सिमित म्हटलंस की बाहेरची कळतेस. कोथिंबीर समजून मायदानोझ, म्हणजे पार्सली, घेऊ नकोस, मी दोन आठवडे आमटीत घातली. हळद, जिरं, मसूर, छोले मुबलक मिळतात. हिंग, तूरडाळ, पोहे आणि गोडा मसाला मात्र बॅगेत भर.