करारावर सही करण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद. परदेशातल्या नोकरीचं पक्कं झालं, नवरा तयार आहे, मुलांना अजून सांगितलेलं नाही आणि होकार कळवायला थोडेच दिवस उरलेत, हे सगळं तुझ्या पत्रातून कळलं. मनापासून आनंद झाला. पद, पगार आणि शहर याबद्दल तू भरभरून लिहिलं आहेस. नवरा तिथे काय करणार, यावर मात्र एवढंच आहे की "तो बघेल काहीतरी." मला आधी त्याबद्दलच बोलायचं आहे.

तुला तिथे पहिल्या दिवसापासून एक टेबल असेल, नावाने हाक मारणारी माणसं असतील, सकाळी उठून जायला एक ठिकाण असेल. त्याला यातलं काहीही आयतं मिळणार नाही. परदेशी गेलेली आणि मुदतीआधी परतलेली जी घरं मी जवळून पाहिली, त्यांत नोकरी न जमल्यामुळे परतलेली थोडी होती. बहुतेक ठिकाणी सोबत गेलेला जोडीदार खचला होता, आणि ते लक्षात येईपर्यंत फार उशीर झाला होता.

म्हणून पहिला प्रश्न हा, की त्याला तिथे काम करायची कायदेशीर परवानगी मिळेल का? त्याचं शिक्षण आणि अनुभव यांचा विचार त्यानंतर. याबाबत देशादेशांत जमीनअस्मानाचा फरक आहे. जर्मनीत ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर) गेलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला लगेच कुठलीही नोकरी करता येते. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेल्यांच्या जोडीदारालाही काम करता येतं. अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावर गेलेल्यांचे जोडीदार एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर जातात. ग्रीन कार्डची (कायम राहण्याच्या परवान्याची) प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोचल्याशिवाय त्यांना सहसा काम करता येत नाही. तिथेच एल-१ व्हिसावर कंपनीतून बदली होऊन गेलेल्यांच्या जोडीदाराला मात्र काम करायची मुभा आहे. सिंगापूरमध्ये मे २०२१ पासून डिपेंडंट पासवर (नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या परवान्यावर) असलेल्या माणसाला नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास लागतो. हे नियम बदलत राहतात, त्यामुळे ओळखीच्यांच्या अनुभवावर विसंबू नकोस. त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आजचा नियम वाच आणि कंपनीकडून लेखी उत्तर घे.

घरी बसून इथल्याच कंपनीचं काम ऑनलाइन करेन, असं तो म्हणत असेल तर तेही विचारून घ्या. काम करायची परवानगी नसलेल्या व्हिसावर असं काम बऱ्याच देशांत चालत नाही. त्याचा व्यवसाय नोंदणी लागणारा असेल, म्हणजे वैद्यकीय, वकिली, शिक्षकी, तर परवानगी असूनही पुन्हा परीक्षा आणि भाषेची पातळी यांत वर्षं जाऊ शकतात. आणि काम करताच येणार नसेल, तर दोघांनी बसून मुदत ठरवा: एवढी वर्षं तुझी, त्यानंतर शहर निवडायची पाळी त्याची. हे आत्ता बोलणं अवघड वाटेल. पण न बोलता गेलात, तर हाच विषय तिथे भांडणातून वर येतो. तिथलं बँक खातं, घराचा करार, फोन यांवर त्याचंही नाव असू दे. ज्याच्या नावावर काहीच नसतं, त्याला परक्या शहरात साधं वाचनालयाचं कार्ड मिळवतानाही आधी पत्त्याचा पुरावा विचारला जातो.

व्हिसाबद्दल आणखी एक. घरातल्या सगळ्यांचा तिथला मुक्काम तुझ्या नोकरीला बांधलेला असतो. अमेरिकेत एच-१बीवर असताना नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा निघायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि ते सगळ्या कुटुंबाला लागू होतात. तेवढ्या काळाचा खर्च आणि परतीची तिकिटं एवढी रक्कम बाजूला ठेवूनच जा.

आता मुलांचं. मुलं लवकर रुळतात, असं तुला दहा जण सांगतील. ते अर्धंच खरं आहे. नव्या भाषेच्या शाळेत गेलेलं लहान मूल कित्येकदा काही महिने वर्गात बोलतच नाही, नुसतं ऐकत असतं. ते घाबरण्यासारखं नाही, फक्त शिक्षकांना तसं आधी सांगून ठेव. उलट बाजूही आहे. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ च्या सुमाराला हा फरक स्पष्ट मांडला: खेळण्याबोलण्याची भाषा मुलांना साधारण दोन वर्षांत येते, पण धडा वाचून समजायची, उत्तर लिहायची, गणितातलं शाब्दिक उदाहरण उकलायची भाषा समवयस्कांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. त्यामुळे मैदानावर फडाफडा बोलणारं मूल इतिहासाच्या पेपरात मागे पडलं, तर ते आळशी झालं असं समजू नकोस. शाळेत भाषेच्या मदतीचे वेगळे तास आहेत का आणि ते किती वर्षं मिळतात, हे प्रवेशाच्या वेळीच विचार.

घरात मराठीच बोला, वाचा आणि लिहा. नवी भाषा पक्की व्हावी म्हणून घरातली भाषा सोडणं मला साफ चुकीचं वाटतं. एका भाषेत पक्क्या झालेल्या कल्पना दुसरीत सहज जातात, हेही कमिन्स यांचंच म्हणणं आहे. आणि पुढेमागे परत यायची वेळ आली तर मुलांना तीच भाषा लागणार आहे.

तुझी मोठी मुलगी कोणत्या इयत्तेत आहे, ते तू लिहिलं नाहीस. ती मोठ्या परीक्षेच्या उंबरठ्यावर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: तू आधी जा, ती वर्ष संपवून येऊ दे. शाळांचं वर्ष सगळीकडे एकाच वेळी सुरू होत नाही. इंग्लंडमध्ये ते सप्टेंबरमध्ये, जपानमध्ये एप्रिलमध्ये आणि ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या अखेरीला सुरू होतं. कंपनीची रुजू होण्याची तारीख सहसा हलवता येते, शाळेची येत नाही.

घर शोधताना शाळा आधी, घर नंतर आणि ऑफिस सगळ्यात शेवटी. ब्रिटन, अमेरिकेसारख्या ठिकाणी सरकारी शाळेतला प्रवेश बराचसा पत्त्यावर ठरतो. इथूनच फोटो पाहून वर्षाचा करार करू नकोस. पहिला महिना तात्पुरत्या जागेत काढा, पण त्या जागेच्या पत्त्यावर नोंदणी करता येते ना, हे बघून घ्या. जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. ते नसेल तर पुढची बरीच कामं अडतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि पदव्या यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद अस्सल असल्याचा सरकारी शिक्का, करून घे. अपोस्टिलबद्दलच्या १९६१ च्या हेग करारातल्या बहुतेक देशांत तेवढं पुरतं, बाकीच्यांसाठी वकिलातीचा शिक्काही लागतो. लसीकरणाच्या नोंदी सोबत ठेव. कुणाचं कायमचं औषध चालू असेल तर ते त्या देशात चालतं का, ते आधीच पाहा; अमेरिकेत लिहून दिली जाणारी अॅम्फेटामिन असलेली औषधं जपानमध्ये नेणं बेकायदा आहे.

पुढचं लिहू की नको, असा विचार केला, पण लिहिते. मुलांना बेकायदा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याबद्दल १९८० चा एक हेग करार आहे आणि शंभराहून अधिक देश त्यात आहेत. मुलं ज्या देशात नेहमी राहतात तो त्यांचा देश धरला जातो, आणि पालकांत बिनसलं म्हणून एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय त्यांना करारातल्या दुसऱ्या देशात नेलं, तर न्यायालय त्यांना परत पाठवायला सांगू शकतं. तुमच्यात तसं काही नाही, हे मला माहीत आहे. तरीही परत यायचा निर्णय दोघांचा असेल, एवढं दोघांनी निघण्याआधी एकमेकांशी बोलून ठेवा.

कंपनीशी बोलताना नुसत्या पगारावर ताणू नकोस. पहिल्या महिन्याची राहायची सोय, शाळा बघायला दोघांची एक फेरी, नवऱ्यासाठी भाषेचा वर्ग आणि नोकरी संपली तर परतीचा खर्च, हे सगळं करारात लिहून माग. स्थलांतराचे पैसे मुदतीआधी नोकरी सोडल्यास परत द्यावे लागतात का आणि त्यांवर कर कोण भरणार, हेही विचार. नवऱ्याच्या परवान्याचं लेखी उत्तर येईपर्यंत होकार कळवायची मुदत वाढवून घे. कुटुंबासह येणाऱ्या माणसाने असं मागणं रीतसर आहे. मुदत वाढवून द्यायला त्यांनी नकार दिला तर तसं मला लगेच कळव, काय उत्तर द्यायचं ते आपण मिळून लिहू.

कळावे, लोभ असावा.