अलिप्ततावाद नक्की कुणाचा?

प्रश्न असा आला आहे : नेहरूंचे परराष्ट्र धोरण ‘अलिप्ततावादी’ आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या अमेरिकेचे धोरणही ‘अलिप्ततावादी’, असे मराठीत दोन्ही वाचायला मिळते. मग ही दोन्ही धोरणे एकच का? आणि अमेरिकेच्या ‘आयसोलेशनिझम’ला दुसरा शब्द आहे का?

ती एक मुळीच नाहीत. हा घोळ निस्तरायलाच हवा असे मला फार वाटते, कारण त्यापायी विद्यार्थ्यांच्या डोक्यात इतिहासच उलटा बसतो.

‘लिप्त’ म्हणजे माखलेला. अळूच्या पानावर पाणी पडते, पण पान भिजत नाही, ते अलिप्त. म्हणजे अलिप्त राहायला आधी पाण्यात असावे लागते. भारत तसा होता. अमेरिका आणि रशिया यांपैकी कुणाच्याही लष्करी गटात नाही, पण संयुक्त राष्ट्रांत कायम हजर. कोरियातल्या युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवायला 1953 साली जो तटस्थ देशांचा आयोग नेमला, त्याचे अध्यक्षपद भारताकडेच होते.

अमेरिकेचे उलट. राष्ट्रसंघाची (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या ‘लीग ऑफ नेशन्स’ची) कल्पना उचलून धरली ती त्यांच्याच अध्यक्षांनी, विल्सन यांनी. आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या ज्या व्हर्सायच्या तहात तो संघ होता, तो तह सिनेटने 1919 मध्ये आणि पुन्हा 1920 मध्ये फेटाळला. 1935 पासून तटस्थतेचे कायदे झाले : लढणाऱ्या देशांना शस्त्रे विकायची नाहीत. आपल्याकडे म्हणतात तसे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. याचे मूळ पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या 1796 च्या निरोपाच्या संदेशात सापडते. त्यांचा इशारा कायमस्वरूपी करारांविरुद्ध होता. ‘एन्टँगलिंग अलायन्सेस’ हे शब्द मात्र तिसरे अध्यक्ष जेफरसन यांचे, 1801 चे. ते सर्रास वॉशिंग्टन यांच्या नावावर खपतात. मी त्यांना ‘पाय गुंतवणारे करार’ म्हणेन.

हे दूर राहणेही युरोपच्या भांडणांपुरतेच होते. 1915 ते 1934 अमेरिकी सैनिक हैतीत ठाण मांडून होते!

आणखी एक फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘अलिप्त’ हा मराठीत कौतुकाचा शब्द आहे. ‘आयसोलेशनिस्ट’ ही अमेरिकेत बहुधा विरोधकांनी चिकटवलेली पाटी असते. 1949 मध्ये नाटो या पाश्चात्त्य देशांच्या लष्करी गटाविरुद्ध मत देणाऱ्या सिनेटर टाफ्ट यांना ‘अलिप्ततावादी’ म्हटले की टीकेची जागा स्तुती घेते.

म्हणून मी ‘विलगतावाद’ सुचवतो. 2020 नंतर ‘विलगीकरण’ घरोघरी पोचले आहे, अर्थ फोडून सांगावा लागणार नाही. ‘अलगतावाद’ नको, तो हिंदीतल्या ‘अलगाववादा’च्या, म्हणजे आपल्या फुटीरतावादाच्या, फार जवळ जातो.

तसेच ‘अलायन्स’चे भाषांतर म्हणून नाटोला ‘युती’ही म्हणू नये. आपल्याकडे त्या शब्दाला जागावाटपाचा वास येतो. एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला असे लिहून देणारा तो ‘संरक्षण करार’, सरळ तसेच म्हणावे.