बँड स्पर्धेसाठी संथ भूप की फास्ट धून? माझा अनुभव

निपाणीच्या भावाने विचारलंय की बँड स्पर्धेला संथ भूप राग बसवावा का पोरं म्हणतात तशी फास्ट, वरच्या सुरातली धून घ्यावी. पोस्ट वाचली आणि माझी जुनी खपली निघाली बघ.

आमचं पथक बेळगावजवळच्या गावातलं, लग्नं, गणपती, शिवजयंतीचे चित्ररथ. एका स्पर्धेच्या फॉर्मवर 'अवघडपणा' म्हणून वेगळा रकाना होता. मी तेवढंच बघितलं आणि पोरांना सलग डबल टंगिंगची (जिभेच्या दुहेरी ठोक्याने भरभर सूर तोडायची) धून दिली, ट्रंपेट सगळा वरच्या सप्तकात. आदल्या रात्री चित्ररथात पहाटेपर्यंत वाजवलेलं, ओठ सुजलेले, स्टेजवर निम्म्यातच वरचे सूर फाटायला लागले. मार्क कसे दिले ते विचारायला आयोजकांकडे तीनदा गेलो, दरवेळी उद्या या म्हणाले. कागद काय दाखवला नाही शेवटपर्यंत.

पण खरं नुकसान दुसरंच. आमचे युफोनियमवाले (जाड, खालच्या आवाजाचं मोठं पितळी वाद्य) काका, नुसता पंचम लावला तरी माणसं थांबायची, त्यांना मी त्या धूनमध्ये फक्त ठेका दिलेला. वाद्याची पेटी बंद करताना एवढंच म्हणाले, "ह्यात मला गायला कुठं होतं रे?" परत तालमीला आलेच नाहीत. चूक माझी होती, अजून सलते.

आणि संथ म्हणजे सोपं हे कुणी सांगितलं? इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टने 1928 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या राष्ट्रीय ब्रास बँड स्पर्धेसाठी 'मूरसाइड सूट' लिहिला, तो स्वतः ट्रोम्बोन वाजवायचा. त्यातला मधला नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या शांततेचा संथ भाग, ऐक की एकदा. बोटांचं काम फार नाही, पण दम जरा तुटला की लगेच कळतं. भूपाचं तसंच, पाचच सूर, लपायला जागा नाही.

माझं मत विचारशील तर भूपच घे. तुमच्या परीक्षकांचं मला माहीत नाही, नंबर येईल अशी गॅरंटी देत नाही. फास्ट घ्यायचीच असेल तर शेवटी दोन मिनिटं घ्या, आणि आदल्या रात्रीची ऑर्डर सोडा, पैसे गेले तरी.

अजून एक, बी फ्लॅट ट्रंपेटचा मोकळा सूर (एकही व्हॉल्व्ह, म्हणजे बोटाखालची कळ, न दाबता येणारा) म्हणजे पेटीची काळी पाच, त्यामुळे सा तिथंच ठेवा, गायकाच्या पट्टीच्या मागं लागू नका. पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबला की सूर हवा त्यापेक्षा चढा लागतो, तिसऱ्याची स्लाइड (सरकती नळी) थोडी बाहेर काढायची सवय पोरांना आत्तापासूनच लावा.