रेग्युलेटर सिलिंडरला कसा लावायचा? ऑक्टोपस जॅकेटच्या खिशात ठेवला तर चालेल का?

तुमचा स्कूबा डायव्हिंगचा कोर्स झालाय, स्वतःचा रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वासाला देणारं यंत्र) घेतलाय आणि या सीझनला मालवणात उतरायचंय. जोडणी कशी करायची आणि ऑक्टोपस, म्हणजे जोडीदाराला हवा द्यायला तोंडात धरायचा जादा भाग, खिशात ठेवला तर चालेल का, असं विचारलंय. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: चालणार नाही. होडीवरचे अनुभवी दादा काहीही सांगोत. या मुद्द्यावर मी अनेकांशी भांडलोय, म्हणूनच लिहायला बसलो.

जोडणी पटकन सांगतो. जॅकेटचा पट्टा सिलिंडरवर ओला करून आवळा, कोरडा आवळलेला पाण्यात ढिला पडतो. व्हॉल्व्हचं तोंड तुमच्या डोक्याकडे हवं. तसं असेल तर व्हॉल्व्हची मूठ आपोआप उजव्या हाताला येते. डावीकडे आली तर सिलिंडर उलटा आहे. व्हॉल्व्हमधली ओ-रिंग बोटाने चाचपा. चिरलेली, चपटी झालेली किंवा वाळू लागलेली असेल तर बदला. व्हॉल्व्ह क्षणभर उघडून आतलं पाणी उडवून द्या आणि मगच फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा व्हॉल्व्हवर बसणारा भाग) बसवा. योकचा, म्हणजे व्हॉल्व्हवरून अडकवायच्या चौकटीचा, स्क्रू दोन बोटांनी घट्ट, बस. सील हवेच्या दाबाने होतं, तुमच्या जोराने नाही. डिन, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी बसणारा प्रकार, असेल तर ओ-रिंग रेग्युलेटरवर असते, ती तपासा. योकची मर्यादा 232 बारची आहे. पण योक की डिन हे ठरवण्याआधी ज्यांच्याकडून सिलिंडर घेणार त्यांचे व्हॉल्व्ह कुठले आहेत ते बघा.

व्हॉल्व्ह उघडण्याआधी सेकंड स्टेज (श्वास घ्यायचा भाग) तोंडात धरून हवा ओढा. काहीच यायला नको. थोडी जरी हवा आली तरी डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (सोडलेला श्वास बाहेर जायची झडप) गळतोय, आणि खाली तिथूनच पाणी तोंडात येणार. मग हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजची काच स्वतःकडेही नाही आणि दुसऱ्या कुणाकडेही नाही अशी धरून व्हॉल्व्ह सावकाश उघडा, पूर्ण उघडा. 'पूर्ण उघडून पाव फेरा मागे' ही जुनी शिकवण आता सोडा. तिच्यामुळेच घोटाळा होतो: कुणीतरी घाईत बंद व्हॉल्व्ह पाव फेरा उघडतो आणि झालं असं समजतो. होडीवर श्वास व्यवस्थित येतो. 10 मीटरवर प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा लागते आणि तिथे गुदमरायला होतं. म्हणून उडी मारायच्या अगदी आधी गेजकडे बघत चार-पाच मोठे श्वास घ्या. श्वासागणिक काटा खाली-वर झाला तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. गेज तुम्ही बघा, व्हॉल्व्ह जोडीदाराला चाचपू द्या.

आता पाइप. मुख्य सेकंड स्टेज उजव्या खांद्यावरून, ऑक्टोपसही उजवीकडूनच. डाव्या खांद्यावरून जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरचा पाइप, डाव्या काखेखालून गेज. गेजचा पाइप फर्स्ट स्टेजच्या एचपी (जास्त दाबाच्या) पोर्टला, बाकी सगळे एलपीला (कमी दाबाच्या). दोन्हीचे आटे वेगळे असतात, त्यामुळे चुकून बसणार नाहीत. मान वळवल्यावर सेकंड स्टेज जबड्याला ओढत असेल तर पोर्ट बदलून पाइपचा कोन सुधारा. फार मोठा वळसा पडत असेल तर पाइप आखूड घ्या, तो वळसा प्रवाहात फडफडतो.

ऑक्टोपसवर थांबतो, कारण तो तुमच्यासाठी नाहीच. हवा संपलेला माणूस समोरून येतो, घाबरलेला असतो, आणि त्याला जे दिसेल ते तो ओढतो. बरेचदा तुमच्या तोंडातलंच. हनुवटी आणि खालच्या बरगड्या यांच्यामधला छातीचा त्रिकोण हीच जागा आहे जिथे त्याचा हात जाईल. खिशात घातला की माउथपीस झाकला जातो, पाइपची घडी अडकते आणि बाहेर काढायला तुमचे दोन्ही हात लागतात. डी-रिंगमधून पाइपची घडी ओवणं हा दुसरा लाडका प्रकार, तोही अर्धा वेळ सुटत नाही. सिलिकॉनचा माउथपीस होल्डर किंवा चुंबकी क्लिप घ्या, एका झटक्यात सुटली पाहिजे. डोळे मिटून जोडीदाराला ओढायला सांगा. कार्ली नदीच्या मुखाजवळ गढूळ पाण्यात ऑक्टोपसचा पिवळा रंग दिसत नाही, तिथे हात जागेवर जाणं एवढंच उरतं.

उजवीकडूनच का? उजव्या काखेखालून पुढे दिला की सेकंड स्टेज समोरच्या माणसाच्या तोंडात सरळ जातो, एक्झॉस्ट खाली. डावीकडून दिला तर उलटा पडू शकतो, आणि उलट्या सेकंड स्टेजमध्ये पाणी शिरतं. गुदमरलेल्या माणसाला पहिला घोट समुद्राचा द्यायचा का?

लोंबता तर ठेवूच नका. तारकर्लीची बारीक वाळू एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या फटीत बसली की तो नीट बंद होत नाही. बूच नसलेला माउथपीस वर तोंड करून राहिला तर हवा आपोआप वाहायला लागते, म्हणून तोंड खाली आणि हवेचं असं वाहणं आवरणारा व्हेंच्युरीचा खटका 'मायनस'वर. मुख्य सेकंड स्टेजचा खटका मात्र तोंडात घेतल्यावर 'प्लस'वर, नाहीतर श्वास जड लागेल.

परत आल्यावर व्हॉल्व्ह बंद, सेकंड स्टेजवरचा पर्ज (हवा सोडायचा खटका) दाबून सगळी हवा काढा, मग स्क्रू. तो हलत नसेल तर आत दाब शिल्लक आहे, पान्हा आणू नका. फर्स्ट स्टेजच्या तोंडावर लावायची डस्ट कॅप कापडाने पुसा. सिलिंडरच्या हवेने उडवायची सवय इथे सर्रास आहे, ती वाईट: पाणी फर्स्ट स्टेजच्या तोंडात जातं. गोड्या पाण्यात भिजवताना कॅप लावलेली हवी आणि पर्ज दाबायचा नाही, नाहीतर पाणी पाइपमधून मागे चढतं. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असताना पाइप घट्ट गुंडाळून ठेवू नका. ऑक्टोबरात फर्स्ट स्टेजच्या टोकाजवळची रबरी बाही मागे सरकवून बघा, पाइप तिथेच चिरतो आणि बाही ते झाकते.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं एका सिलिंडरच्या साध्या जोडणीसाठी आहे. काही जण दोन मीटरचा लांब पाइप तोंडात ठेवतात आणि दुसरा सेकंड स्टेज गळ्यात रबराने अडकवतात. त्यात तोंडातलाच देतात, म्हणजे ही सगळी मांडणी बदलते. ती पद्धत चांगली आहे, पण जोडीदारालाही ती शिकवलेली असेल तरच. आणि काही सेकंड स्टेज दोन्ही बाजूंनी चालतात, त्यांना उलटं पडण्याचा प्रश्न येत नाही.