अझोर्सला दहा दिवसांत किती बेटं होतील?

दहा दिवसांत अझोर्सची नऊही बेटं बघून होतील का, असं तुम्ही विचारलंय. नाही होणार, आणि तसा घाटही घालू नका. मी पहिल्या खेपेला नऊ दिवसांत पाच बेटं ठरवली होती. तिसऱ्याच दिवशी ढग इतके खाली उतरले की विमान सुटेना. दीड दिवस विमानतळावर बसून काढला आणि पुढची बुकिंगं एकामागून एक बोंबलली.

पोर्तुगालची ही बेटं लिस्बनपासून जवळपास १५०० किलोमीटर आत, भर अटलांटिकमध्ये आहेत. सकाळचा हवामान अंदाज दुपारपर्यंत टिकला तर नशीब. म्हणून साओ मिगेल बेटाला पाच दिवस द्या आणि उरलेले पिको आणि फायल या बेटांना. पिको आणि फायलमध्ये फेरीबोट अर्ध्या तासात पोचवते.

साओ मिगेलवर सगळे आधी सेते सिदादेसची तळी बघायला धावतात. वर ढग असले तर नुसतं पांढरं दिसतं, तेव्हा निघण्याआधी स्पॉटअझोर्स या वेबसाइटवरचे थेट कॅमेरे बघून घ्या. मला स्वतःला फुर्नास हे गाव जास्त भावलं. तळ्याकाठी जमिनीतून वाफा येत असतात. तिथल्या खड्ड्यांत मांस, कोबी, रताळी भरलेली पातेली पुरतात, वर मातीचा ढीग आणि त्यात हॉटेलच्या नावाची पाटी. पाच-सहा तासांनी, दुपारच्या सुमारास, दोघं जण आकडे लावून पातेलं वर ओढतात. आजूबाजूला गंधकाचा वास, तरी भूक लागते! मांस खात नसाल तर गावातल्या उकळत्या झऱ्यात उकडलेली कणसं मिळतात. तिथल्याच ‘तेरा नोस्त्रा’ बागेतल्या गरम कुंडात उतरताना मात्र जुने, गडद कपडे घाला. पाण्यात लोह आहे, डाग जात नाहीत.

पिको बेटावरचा पिको हा २३५१ मीटरचा, पोर्तुगालमधला सर्वांत उंच डोंगर. गाडी साधारण १२०० मीटरपर्यंत जाते. तिथल्या चौकीत नोंदणी करावी लागते, जीपीएस यंत्र देतात. रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, त्यामुळे आधी आरक्षण करा. चढण्यापेक्षा उतरणं जास्त जिवावर येतं. सुट्या लाव्हावरून पाय घसरतो आणि गुडघे बोलायला लागतात. काठी न्याच.

फायलवर कापेलिन्योसला जा. १९५७-५८ मध्ये समुद्रात ज्वालामुखी फुटला, तेरा महिने चालला आणि किनाऱ्याला नवी जमीन चिकटली. दीपगृहाचा खालचा मजला अजून राखेत पुरलेला आहे, समोर समुद्र ती जमीन हळूहळू खातोय.

व्हेल बघायच्या बोटींना अजूनही कड्यावरचा माणूस दुर्बिणीतून शोधून वायरलेसवर दिशा सांगतो. पूर्वी शिकारीसाठी हीच पद्धत होती. १९८० च्या दशकात शिकार थांबली, टेहळणी तेवढी राहिली.

शेंगेन व्हिसा चालतो. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी साओ मिगेलला परत आलेले असा.