दारावर ३३, टायरवर ५१: गाडीत हवा नेमकी किती ठेवायची?

तुमचा प्रश्न असा आहे: कोथरूडला राहता, नुकतीच सेकंडहँड हॅचबॅक घेतलीत. ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) लिहिलंय, टायरवर ५१. पंपावरचा मुलगा न विचारता ३५ मारतो आणि मित्र सांगतात, उन्हाळ्यात ३० च्या वर जाऊच नकोस. खरं कुणाचं?

दारावरच्या स्टिकरचं. ३३. पण हे ३३ म्हणजे सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, टायर थंड असताना मोजलेले ३३. निम्मा घोळ इथेच होतो. लोक आकडा लक्षात ठेवतात आणि तो कधी मोजायचा हे विसरतात.

टायरवरचे ५१ ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे. एकच टायर दहा वेगवेगळ्या गाड्यांना बसतो, त्यामुळे टायर बनवणाऱ्याला तुमच्या गाडीचं वजन माहीत नसतं. गाडी बनवणाऱ्याला असतं, म्हणून स्टिकर तो लावतो. मात्र तुमची गाडी सेकंडहँड आहे, तेव्हा एक गोष्ट आजच बघा. टायरच्या बाजूला १६५/८० आर १४ अशा धर्तीचा साइज छापलेला असतो. तोच साइज स्टिकरवर आहे ना? आधीच्या मालकाने रुंद टायर टाकले असतील, तर स्टिकरवरचा आकडा त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. मग चांगल्या टायरवाल्याला गाडीचं मॉडेल आणि नवा साइज सांगून आकडा विचारून घ्या.

आता मोजायच्या वेळेबद्दल. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आई-बाबांना घेऊन मी मुंबईहून एक्स्प्रेसवेने येत होते. वाटेत एका पंपावर हवा बघायला थांबले. पोराने दाब मोजायचं गेज लावलं आणि म्हणाला, "ताई, सदतीस आहे. एवढ्या उन्हात फुटेल." मी काही बोलायच्या आत त्याने व्हॉल्व्हची पिन दाबली, फुस्स करून हवा सोडली आणि चारही चाकं ३३ वर आणून ठेवली. त्याचा हेतू चांगलाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये मी माझं गेज लावलं: २९, २९, २८, २९.

पंक्चर कुठेच नव्हतं. आदल्या दिवशी ज्याला तो जास्त हवा म्हणाला, ती मुळात बरोबरच होती. बंद टायरमधली हवा तापली की दाब वाढतो, साधारण ५-६ अंशांना १ पीएसआय. टायरच्या आतली हवा २५ अंशांनी तापली, की सकाळचे ३३ दुपारी ३७ दिसतात. गाडीवाल्यांनी स्टिकरवरचा आकडा ही वाढ धरूनच ठरवलेला असतो. तापलेल्या टायरमधून हवा सोडली, की टायर थंड झाल्यावर तेवढी कमी पडते. म्हणून कळकळीने सांगते, गरम टायरमधली हवा कुणालाही सोडू देऊ नका. पंपावर उतरा, चाकापाशी उभे राहा आणि स्पष्ट सांगा.

थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर हळू चाललेली. घराजवळच्या पंपापर्यंत सकाळी गेलात तर चालतं. लांबून आल्यावर भरावीच लागली, तर स्टिकरपेक्षा ३-४ जास्त ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. यावरून पंपावरच्या ३५ चंही कळेल. सकाळी थंड टायरमध्ये ३५ भरले, तर ते दोनने जास्त. दुपारी हिंजवडीहून येताना तापलेल्या टायरमध्ये ३५ भरले, तर ते थंड झाल्यावर दोनेकने कमी. आकडा एकच, अर्थ उलटा.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवायचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो ऐकायला पटतो. हवा तापून फुगते, म्हणून आधीच कमी ठेवा! पण टायर फुटायचं मोठं कारण असतं टायरची स्वतःची उष्णता. ताशी १०० किलोमीटर वेगाला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला चौदा-पंधरा वेळा फिरतं. दर फेऱ्यात टायरची बाजू जमिनीपाशी दबते, फुगते आणि पुन्हा सरळ होते. हवा कमी असली की ती जास्त वाकते, आणि रबर नि आतले धागे त्या वाकण्यानेच तापतात. एक्स्प्रेसवेचं तापलेलं काँक्रीट, पाच माणसं, तास-दीड तास सलग तोच वेग. अशा वेळी आतले थर सुटायला लागतात आणि बाहेरून काही दिसतही नाही. ३० ठेवून शहरात काही झालं नाही, म्हणजे ते हायवेवर चालेल असं नाही.

उलट थंडीत लक्ष जास्त द्यायला हवं. मे महिन्यात सकाळी भरलेली हवा डिसेंबरात पुण्यात पारा १०-१२ वर गेला की आपोआप दोन-अडीचने उतरते. शिवाय धडधाकट टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय जातोच. दिवाळीनंतर गाडी जड वाटते, स्टेअरिंग ओढतं, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

(मुंबईकर नातेवाइकांना एक गंमत सांगता येईल: पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने बाहेरच्या हवेचा दाब इथे जवळपास १ पीएसआयने कमी आहे. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरकच दाखवतं, त्यामुळे पुण्यात ३३ दाखवणारा टायर तेवढ्याच तापमानाला मुंबईत ३२ दाखवेल. त्यासाठी काही करायची गरज नाही.)

स्टिकरवर बहुधा दोन रकाने असतील, एक दोन-तीन माणसांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. दुसऱ्या रकान्यात मागच्या चाकांचा आकडा बऱ्याचदा वाढलेला असतो. गणपतीला पाच माणसं आणि गच्च भरलेली डिकी घेऊन ताम्हिणी उतरणार असाल, तर निघायच्या दिवशी सकाळी मागची हवा त्या रकान्याप्रमाणे वाढवा. परत आल्यावर उतरवा, तीही थंड असतानाच. आपल्याकडच्या खड्ड्यांत आणि स्पीडब्रेकरवर गरजेपेक्षा कडक टायर गाडीला उडवतो, आणि पावसात ब्रेक मारताना टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला नीट टेकतो.

आधीच्या मालकाने हवा कशी ठेवली होती, ते टायरच सांगेल. तळहात आडवा फिरवून बघा. दोन्ही कडा घासून गुळगुळीत आणि मध्ये नक्षी शाबूत, तर वर्षानुवर्षं हवा कमी होती. मध्ये घासलेला असेल, तर जास्त होती. एकच कड खाल्लेली असेल तर हवेचा दोष नाही, अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन सरळ, करून घ्या.

नायट्रोजनसाठी पैसे मोजायची गरज मला वाटत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्हींचा दाब सारखाच वाढतो. ते पैसे स्वतःच्या गेजवर घाला. पंपागणिक मीटर दोन-तीनने इकडेतिकडे दाखवतात. आपलं गेज एकच असलं की निदान फरक कळतो. मी दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी बघते, ऊन पार्किंगमध्ये यायच्या आत. एका बाजूच्या चाकांवर ऊन आलं, की ती दोन्ही चाकं उगाच एक-दोन जास्त दाखवतात. एकच चाक दर वेळी कमी भरत असेल, तर व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडा. बुडबुडा आला तर पिन गळतेय, पंक्चरवाला दोन मिनिटांत बदलून देतो.

आणि स्टेपनी. खंबाटकीच्या पायथ्याशी पंक्चर झालं तेव्हा माझ्या स्टेपनीत १४ पीएसआय होते, आणि ती काढायला सगळ्या बॅगा रस्त्याच्या कडेला ठेवाव्या लागल्या. मुख्य चाकांएवढ्याच साइजची असेल तर स्टिकरपेक्षा ३-४ जास्त ठेवा, जास्तीची सोडता येते. बारीक, तात्पुरत्या वापराची असेल तर तिच्यावरच आकडा छापलेला असतो, बहुतेक ६०. तेवढी हवा वाटेतल्या छोट्या पंपाने भरायला फार वेळ लागतो, म्हणून ती घरूनच भरून न्यायची, डिकीत सामान लावायच्या आधी.